अल्प खर्चातील घरगुती ध्वनिमुद्रणशाला

चित्र भिंतीवर राहते, ग्रंथ कपाटात राहतो. परंतु गायिलेला स्वर हवेच्या कंपनांबरोबर विरून जातो. तो पुन्हा ऐकण्याचा कोणताच उपाय १८७७ पर्यंत मनुष्याजवळ नव्हता. त्या वर्षी एडिसनने फोनोग्राफ तयार केला आणि स्वर टिकविता येतो हे सिद्ध झाले. तथापि त्यानंतरही दीर्घकाळ ध्वनिमुद्रण ही मोठ्या कंपन्यांची, नभोवाणीची किंवा राजेरजवाड्यांची बाब राहिली. आता मात्र एक मायक्रोफोन, एक छोटे जोडयंत्र आणि घरचा संगणक एवढ्यावर मुद्रण करता येते. साधने सुलभ झाली. पण मुद्रण त्यामुळे आपोआप चांगले होत नाही. पैसा कोठे खर्च करावा आणि कोठे करू नये हे कळण्यास ध्वनिशास्त्राचे काही थोडे नियम माहीत असावे लागतात. ते नियम येथे म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातील एका कल्पित खोलीला लावून दाखविले आहेत.

म्हैसूर आणि ध्वनिमुद्रण

म्हैसूर शहराच्या मध्यभागी असलेला देवराज मोहल्ला ही दाट वस्ती होय. येथेच फुले, फळे व कुंकवाच्या राशींसाठी प्रसिद्ध असलेला देवराज बाजार आहे. बाजाराजवळून जाणाऱ्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव असून दसऱ्याची मिरवणूक याच रस्त्याने निघते. अशा गजबजलेल्या भागात शांतपणे वीणा मुद्रित करावयाची म्हटले, तर कार्य अवघड वाटणे साहजिक आहे. परंतु या नगरीशी संबंधित काही घटना धीर देणाऱ्या आहेत.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आले. त्यांनी एका हॉटेलातील खोलीतच तात्पुरती मुद्रणशाला थाटली आणि तेथे गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून सुमारे तीन मिनिटांत संपूर्ण गीत आटोपावयाचे, असा तो प्रकार होता. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून ती अखेरीस आपले नाव मोठ्याने उच्चारीत असे. याच गौहरजान १९२८ मध्ये म्हैसूर दरबारात गायिका म्हणून आल्या आणि १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूर येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा आवाज आजही ऐकता येतो, तो हॉटेलातील एका खोलीमुळे.

पुढे १९३५ मध्ये म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या 'विठ्ठल विहार' या राहत्या घरी अवघ्या ३० वॉट शक्तीचे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्यास त्यांनी 'आकाशवाणी' हे नाव दिले. तेच नाव पुढे भारतीय नभोवाणीने स्वीकारले. याउलट, म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांनी १९४० नंतरच्या दशकात निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना लंडनमध्ये मुद्रित व्हाव्यात म्हणून स्वतः द्रव्यसाहाय्य केले. राजाश्रयाने जे साधले त्याचे मोल मोठेच आहे. पण साध्या खोलीतून जे साधले तेही अल्प नाही.

खोली हेच पहिले साधन

मायक्रोफोन ऐकतो तो केवळ गायकाचा आवाज नव्हे. गायकाच्या मुखातून थेट आलेला ध्वनी आणि भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित होऊन आलेला ध्वनी, असे दोन्ही त्याच्यावर पडतात. मनुष्याचे दोन कान व मेंदू मिळून परावर्तित ध्वनीकडे बरेच दुर्लक्ष करू शकतात. एका मायक्रोफोनला ते शक्य नसते. म्हणूनच खोलीत बसून ऐकताना गोड वाटलेले गायन मुद्रित झाल्यावर 'विहिरीतून आल्यासारखे' वाटते. हा दोष महाग मायक्रोफोनने जात नाही. उलट तो अधिक स्पष्टपणे मुद्रित होतो.

परावर्तित ध्वनी किती वेळ टिकतो याचे गणित प्रथम अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाइन यांनी मांडले. विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. एकदा उच्चारलेला ध्वनी तेथे साडेपाच सेकंदांपर्यंत ऐकू येई. १८९५ मध्ये हे काम सॅबाइन यांच्याकडे आले. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्याथोड्या करून व्याख्यानगृहात मांडल्या आणि ऑर्गनची एक नळी वाजवून ध्वनी विरण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजला. सकाळ होण्यापूर्वी गाद्या पुन्हा जागेवर ठेवल्या जात. या प्रयोगांतून निघालेला नियम सोपा आहे : खोलीचे घनफळ घनमीटरात घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागावे. निनादाचा काल सेकंदांत मिळतो. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ व त्याचा शोषणगुणांक यांचा गुणाकार म्हणजे त्या पृष्ठभागाचे शोषण होय. उघड्या खिडकीचा गुणांक १ धरतात, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही.

आता देवराज मोहल्ल्यातील एखाद्या जुन्या घरातील आतली खोली घेऊ. ती ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. भिंतींना गिलावा असून जमीन गुळगुळीत आहे. तिचे घनफळ ३६ घनमीटर व एकूण पृष्ठफळ ६६ चौरस मीटर भरते. गिलाव्याचा गुणांक ०.०३ धरला, तर एकूण शोषण सुमारे २ येते. ३६ ला ०.१६१ ने गुणून २ ने भागले असता निनादकाल जवळजवळ २.९ सेकंद होतो. असा निनाद मोठ्या मंदिरात शोभेल. लहान खोलीत मुद्रणासाठी तो अत्यंत अयोग्य आहे. तो ०.४ सेकंदांवर आणावयाचा असेल, तर एकूण शोषण सुमारे १४.५ हवे, म्हणजे १२.५ इतक्या शोषणाची भर घालावी लागेल. जाड रजई किंवा कापसाच्या गादीचा मध्यम स्वरांसाठीचा गुणांक ०.८ धरला, तर साधारण १५ ते १६ चौरस मीटर आच्छादन पुरे. हे क्षेत्र संपूर्ण पृष्ठफळाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. सॅबाइन यांच्या गाद्या म्हणजे प्रत्येक घरात असणाऱ्याच वस्तू होत. त्यांसाठी नवा खर्च करावा लागत नाही.

जाडी आणि अंतर

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे किंवा पातळ स्पंज भिंतीवर चिकटवून मुद्रणशाला तयार होते, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. सच्छिद्र पदार्थ ध्वनीची ऊर्जा शोषतो, ती त्याच्या छिद्रांतून हलणाऱ्या हवेच्या घर्षणाने. भिंतीला लागून असलेली हवा जवळजवळ हलतच नाही. ती सर्वांत अधिक हलते, ती भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४६ मीटर धरला, तर १,००० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी ३५ सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी सुमारे ९ सेंटिमीटर होते. १०० कंपनांच्या खर्जातील स्वरासाठी मात्र तीच ८६ सेंटिमीटर भरते. दोन सेंटिमीटरचा स्पंज तार स्वर तेवढे शोषतो. खर्जावर त्याचा परिणाम होत नाही. परिणामी खोली मंद व घुमी बनते आणि स्वरातील तेज तेवढे जाते.

वीणा व तंबोऱ्याच्या बाबतीत ही हानी विशेष जाणवते. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू पडतो तो उपस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे उमटावयास नको. परंतु तंबोरा व वीणा यांत तोही उमटतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. याचे कारण या वाद्यांची रुंद, वक्र घोडी होय. तार तिच्यावर क्षणोक्षणी टेकत व सुटत राहते. मिरजेचे कारागीर जिला 'जवारी' म्हणतात, ती याच घोडीवर काढलेली असते. जवारीची सारी समृद्धी उच्च उपस्वरांत असल्यामुळे पातळ आच्छादनाने प्रथम तिचाच बळी जातो.

म्हणून आच्छादन थोडे असले तरी चालेल, पण ते जाड असावे आणि भिंतीपासून वीतभर दूर टांगावे. दोरीवर घातलेल्या दुहेरी रजया, कोपऱ्यांत उभ्या केलेल्या गुंडाळलेल्या गाद्या आणि जमिनीवर सतरंजी एवढ्याने मोठा फरक पडतो. कोपऱ्यांचा विशेष उल्लेख करण्याचे कारण असे, की खर्जाचा दाब तेथेच एकवटतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते, तो स्वर खोली आपणहून वाढविते. उपरोक्त खोलीत लांबीमुळे ४३ कंपनांचा, तर रुंदी व उंची दोन्हींमुळे ५८ कंपनांचा स्वर असा वाढेल. रुंदी व उंची सारख्याच असल्याने ५८ वर दुहेरी जोर पडतो. खोली निवडण्याची संधी असेल, तर तिन्ही मापे भिन्न असलेली खोली घ्यावी. पुस्तकांनी भरलेली कपाटे भिंतीशी असतील, तर ती हलवू नयेत. त्यांच्या खडबडीत पृष्ठामुळे ध्वनी विखुरतो.

बाहेरचा गोंगाट

निनाद कमी करणे आणि बाहेरचा आवाज अडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रजई पहिले काम करते. दुसऱ्यासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. बाहेरचा ध्वनी अडतो तो वजनाने व बंदिस्तपणाने. भिंतीचे वजन दुप्पट केल्यास ध्वनी सिद्धान्ततः सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. जुन्या घरांच्या जाड भिंती या दृष्टीने उत्तमच असतात. कच्चा दुवा राहतो तो दारे-खिडक्यांचा. दाराच्या क्षेत्रफळाच्या केवळ शंभराव्या हिश्श्याएवढी फट राहिली, तरी ते दार कितीही जड असो, २० डेसिबलहून अधिक आवाज ते अडवू शकत नाही. म्हणून नवे दार घेण्यापूर्वी जुन्या दाराच्या चौकटीस रबराची पट्टी लावावी आणि उंबरठ्याजवळील फट बुजवावी. हा खर्च अल्प, तर लाभ मोठा असतो.

सर्वांत स्वस्त उपाय वेळेचा आहे. बाजार भरण्यापूर्वीची पहाट किंवा दुकाने मिटल्यानंतरची रात्र यांत जी शांतता आपोआप मिळते, ती दिवसा कितीही पैसा ओतून मिळणार नाही. पंखा, शीतकपाट व वीज-दिव्यांची घुरघुर मुद्रणापुरती बंद ठेवावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवरील म्हैसूरच्या सौम्य हवेत पंख्यावाचून तासभर बसणे फारसे कठीण नाही.

मायक्रोफोन आणि त्याची जागा

उगमापासूनचे अंतर निम्मे केले, की थेट ध्वनी ६ डेसिबलने वाढतो. खोलीतील निनाद मात्र तितकाच राहतो. याच्या उलट, खोलीतील सर्व शोषण दुप्पट केले, तर निनादाची पातळी केवळ ३ डेसिबलने उतरते. अर्थात मायक्रोफोन ६० सेंटिमीटरांवरून ३० वर आणणे हे रजयांची संख्या दुप्पट करण्यापेक्षा अधिक फलदायी आहे आणि त्यास एक पैसाही लागत नाही. मात्र या जवळिकीलाही मर्यादा आहे. मायक्रोफोन अतिनिकट आणल्यास खर्ज अवास्तव फुगतो आणि श्वास व ओष्ठ्य वर्णांचे धक्के ऐकू येतात. गायनासाठी वीत-दीड वीत अंतर ठेवून मायक्रोफोन मुखाच्या किंचित बाजूस धरावा. वीणा फणसाच्या लाकडाची असून तिचा नाद मुख्यतः भोपळ्यावरील लाकडी तबलीतून बाहेर पडतो. म्हणून ३० ते ५० सेंटिमीटरांवरून मायक्रोफोनचा रोख तबलीकडे ठेवावा आणि वादकाला वाजवावयास सांगून तो थोडाथोडा हलवीत योग्य जागा कानाने शोधावी.

मायक्रोफोन मुख्यतः दोन प्रकारचे असतात. चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचा प्रकार दणकट व बाहेरच्या आवाजास कमी संवेदनशील असतो. मोठ्या आवाजाचा गायक किंवा ढोलकी यांस तो योग्य. दुसरा प्रकार धारित्रावर आधारलेला असून त्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. वीणेसारख्या मृदू वाद्यास तो अधिक मानवतो. हा दुसरा प्रकार स्वस्त होण्यास १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट व गेऱ्हार्ड सेस्लर यांनी लावलेला शोध कारण झाला : कायम विद्युत्भारित राहणाऱ्या पातळ पडद्याचा मायक्रोफोन त्यांनी तयार केला. मोबाइल फोनमधील मायक्रोफोनचा इतिहासही याच शोधापर्यंत जातो. घरगुती उपयोगासाठी हृदयाकृती ग्रहणक्षेत्र असलेला मायक्रोफोन घ्यावा. तो पाठीमागचा ध्वनी फारसा घेत नाही आणि चहूकडून येणाऱ्या निनादाची केवळ एक-तृतीयांश ऊर्जा ग्रहण करतो. त्याची पाठ खिडकीकडे असावी हे ओघानेच आले.

ध्वनीचे अंकांत रूपांतर

मायक्रोफोनमधील विद्युत्प्रवाह संगणकास समजावा म्हणून तो अंकांत बदलावा लागतो. हे काम जोडयंत्र, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, करते. मानवी कान सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकतो. एखाद्या कंपनाची नोंद निर्दोष व्हावी, तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. म्हणून १९८२ मध्ये प्रचारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदास ४४,१०० मोजण्या हे प्रमाण ठरले. आज ४८,००० मोजण्या व प्रत्येकीस २४ बिट हे प्रमाण घरीही सहज वापरता येते. एका वाहिनीचे असे मुद्रण मिनिटास सुमारे ८.६ मेगाबाइट, म्हणजे तासास साधारण ५२० मेगाबाइट जागा व्यापते. याहून अधिक मोजण्यांचे महाग यंत्र घेऊन रजई टांगलेली नसेल, तर फक्त निनादच अधिक बारकाईने मोजला जाईल.

पातळी ठरविताना एक चूक सर्रास होते. ध्वनीची शिखरे कमाल मर्यादेला भिडली, की त्यांचे शेंडे छाटले जातात आणि ती फाटलेली वाटतात. हा दोष नंतर पूर्णपणे दुरुस्त होत नाही. यास्तव सर्वांत मोठा स्वरही मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खाली राहील अशी व्यवस्था करावी. २४ बिटांच्या मुद्रणात एवढी जागा सोडल्याने काही हानी होत नाही. मुद्रण चालू असताना कानांवर बंद हेडफोन असावेत, म्हणजे तंबोऱ्याचा आधारस्वर गायकाला ऐकू येईल पण मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरणार नाही. जुळवणीसाठी 'ऑडॅसिटी'सारखी विनामूल्य संगणक-प्रणाली पुरेशी आहे.

खर्चाचा क्रम

वरील विवेचनावरून खर्चाचा क्रम निश्चित होतो. प्रथम शांत खोली व शांत वेळ यांची निवड करावी. त्यास काही पडत नाही. नंतर घरातील गाद्या, रजया व सतरंज्या मांडाव्यात. तिसऱ्या क्रमाने दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. त्यानंतर एक चांगला मायक्रोफोन, त्याची स्थिर घोडी व केबल घ्यावी. पाचव्या क्रमाने दोन मायक्रोफोन जोडता येतील असे साधे जोडयंत्र आणि शेवटी बंद हेडफोन घ्यावेत. ध्वनिक्षेपकांची मोठी जोडी मागाहून घेतली तरी चालते. तोपर्यंत तयार मुद्रण घरातील रेडिओ, मोबाइल फोन, मोटारगाडी अशा दोन-तीन ठिकाणी ऐकून पाहावे. खोलीची परीक्षा साधी आहे : मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी आणि मागून खणखणीत झणकार येतो का ते ऐकावे, नंतर एक मिनिट काहीही न बोलता शांतता मुद्रित करावी आणि ती मोठ्या आवाजात ऐकावी. कोणता दोष प्रथम दूर करावयाचा हे त्या मिनिटातच समजते.

मुद्रणानंतरचे कर्तव्य

मुद्रित ध्वनी नष्ट होण्याचा धोका तबकडीपेक्षा संगणकात कमी नाही. म्हणून मूळ मुद्रण न दाबता जतन करावे, त्याच्या किमान तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. प्रत्येक मुद्रणासोबत गायकाचे नाव, गाव, दिनांक, राग, ताल, आधारस्वर व गीत कोणाकडून शिकले याची नोंद असावी. गायकाची अनुमती प्रथम घ्यावी. गौहरजान यांना नाव उच्चारावे लागले ते कारखान्यासाठी. परंतु ज्या मुद्रणावर नाव नाही ते पुढच्या पिढीस मुके वाटते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

या सर्व खटाटोपाचे मोल केवळ हौशी गायकाच्या समाधानापुरते नाही. महाराष्ट्रात हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरील एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील पुष्कळ त्यांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि ओवी म्हणण्याचा प्रसंगच उरला नाही. ते काम वेळेवर झाले नसते, तर चाल कशी होती हे कागदावरील शब्दांवरून कळले नसते. कागदावर शब्द राहतो. गमक, मींड, श्वास घेण्याची जागा, एखाद्या घराण्याचा खास हेल राहत नाही. म्हैसूरच्या वीणावादनपरंपरेतील शिक्षक असो किंवा मिरजेतील भजनी मंडळातील वृद्ध गायक असो, प्रत्येकाजवळ असे काही तरी असते जे अन्यत्र कोठेही लिहिलेले नाही. मोठी मुद्रणशाला त्यांच्यापर्यंत बहुधा पोचत नाही. शाळेतील एक खोली, ग्रंथालयातील पुस्तकांनी भरलेली एक बाजू किंवा घरातील माजघर पहाटेच्या वेळी या कामास पुरे पडते. आणि ज्या कुटुंबात असा वृद्ध आवाज आहे, तेथे पहिले मुद्रण त्याचेच व्हावे.